आतली कड

थून, ३ मार्च १९९१

आदरणीय बोहुमीरकाका,

मी यार्मिला, तुमचे धाकटे भाऊ वोयत्येख यांची मुलगी. आपली भेट झाली तेव्हा मी दोन वर्षांची होते, त्यामुळे भेट झाली असं म्हणणंही खरं तर बरोबर नाही. तुमचा पत्ता आईने दिला. बाबांना विचारलेलं नाही. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढे तुम्हाला फसवल्यासारखं वाटणार नाही. आपली भाषा मी घरातच शिकले, शाळेत नाही. चुका असतील, त्या पोटात घालाव्यात.

माझी पहिली शाळा म्हणजे बाबांचं तळघरातलं टेबल. अक्षरांच्या आधी मला कानस कळली. आता मी तराजू दुरुस्त करायच्या एका कारखान्यात काम करते आणि दर शनिवारी आमच्या नेमबाजी क्लबात जाते. आजवर बाबांचंच पिस्तूल वापरलं: स्विस, लष्करी, २१०. त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली तर लोखंडावर लोखंड चाललंय असं वाटत नाही, तेल लावलेल्या काचेवरून बोट फिरवावं तसं वाटतं. बाबा म्हणतात, याच्या पुढे माणसाने काही बनवलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी माझं स्वतःचं पिस्तूल घेतलं. आमच्या क्लबातले निवृत्त पोस्टमन श्टुकी यांच्याकडे तुमच्या गावच्या कारखान्याचं ७५ नंबरचं पिस्तूल होतं, अगदी पहिल्या वर्षांतलं, स्लाइडच्या खाचा आखूड असलेलं. बाबांना दाखवलं. त्यांनी स्लाइड काढली, खालच्या सांगाड्याच्या आतल्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नाही." मग ते माझ्याकडे सरकवलं. "हे माझ्या टेबलावर नको." मी विचारलं, काय वाईट आहे? म्हणाले, "नक्कल आहे."

आई सांगते की तुम्ही याच पिस्तुलांचे फिटर होतात. मला दोन्ही फार आवडतात आणि त्यामुळे झोप नीट लागत नाही. कोणतं चांगलं? तुम्ही खरं सांगाल असं वाटतं म्हणून विचारते. आगाऊपणा वाटला तर उत्तर देऊ नका.

तुमची पुतणी,
यार्मिला

•

उहेर्स्की ब्रोद, २४ मार्च १९९१

प्रिय यार्मिला,

पोरी, माफी मागायचं खातं बंद कर. तुझं पत्र आलं तेव्हा मी कोंबड्यांना दाणे टाकत होतो. उघडून वाचायला लागलो आणि सगळे दाणे एकाच कोंबडीपुढे ओतले. ती अजून चालताना डुलते.

तुझी आई खरं सांगते. या पिस्तुलाच्या पहिल्या दिवसापासून मी त्या टेबलावर होतो. सांगाडा आणि स्लाइड एकमेकांत बसवायची, हे काम. तुझ्या आजोबांचा एक नियम होता: दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवायचं असेल तर आधी त्यातलं चांगलं सांगायचं. तेव्हा आधी तुमच्या स्विसाचं. मी ते एकदाच हातात घेतलंय, कारखान्यात नमुन्याला आलं होतं. आम्ही सगळे फिटर टेबलाभोवती गोळा झालो, आळीपाळीने ते हातात घेतलं. शेवटी एक जण म्हणाला, "यांना घरी जायची घाई नव्हती." त्याहून मोठं कौतुक आमच्यात नाही.

आता नकलेचं. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड सांगाड्यावर डब्याच्या झाकणासारखी बसते. तुमच्या २१० मध्ये आणि आमच्या ७५ मध्ये ती टेबलाच्या खणासारखी आत शिरते. दोन्ही बाजूंनी सांगाडा तिला धरून ठेवतो, म्हणून ती डुगडुगत नाही. ही युक्ती आम्ही पाहून घेतली, कबूल. पण स्विसांनी ती फ्रान्सहून विकत आणली, आणि फ्रान्सात ती करणारा म्हणे मूळचा स्विसच. आणि आमचं पिस्तूल आज जगभर लोक करतात, तुमच्या स्वित्झर्लंडातसुद्धा. तेव्हा कोणी कोणाचं चोरलं हे तुझ्या बाबाने, आमच्या वोयताने, इथे यावं, बाटली मधे ठेवावी आणि ठरवावं.

कोणतं चांगलं, हे मला माहीत नाही. हसू नकोस. ती पिस्तुलं परदेशासाठी होती, इथल्या दुकानात मिळत नव्हती. गोळ्या झाडून बघणारे वेगळे. मी सगळं आयुष्य आतली कड पाहिली. बाहेर ते काय करतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. तू झाडून बघ आणि सांग. गोड करून सांगू नकोस.

आणि एक. मला वोयताला एकदा बघायचंय. त्याला आग्रह करू नकोस, तो आग्रहाने उलटा फिरतो. फक्त तो काय म्हणतो ते मला कळवत जा.

तुझा काका,
बोहुमीर

•

थून, १२ मे १९९१

आदरणीय बोहुमीरकाका,

उशीर झाला, कारण मला घाईने चुकीचं लिहायचं नव्हतं. एक शनिवार वारा होता, तो मी धरला नाही. श्टुकी म्हणाले, "यार्मिला, तू नेम धरतेस की परीक्षेला बसतेस?" मी म्हटलं, काकांना उत्तर द्यायचंय. मग तेच वाळूच्या पिशव्या नीट करून द्यायला लागले.

पंचवीस मीटर, हात पिशवीवर टेकवून. तुमच्या आणि आमच्या पिस्तुलाबरोबर आणखी दोन घेतली, नुसत्या दोघांची तुलना म्हणजे घरातलं भांडण वाटेल म्हणून. श्टुकींचं बेल्जियमचं ब्राउनिंग हाय-पॉवर, आणि क्लबातल्या दंतवैद्यांचं जुनं अमेरिकन कोल्ट, १९११.

आजोबांचा नियम पाळते. कोल्टचा चाप सरळ मागे येतो, वाकत नाही, फिरत नाही. इतका सरळ चाप मी दुसरा पाहिला नाही. ते जड आहे, पण त्याचा धक्का ढकलल्यासारखा येतो, फटका मारल्यासारखा नाही. ब्राउनिंग या सगळ्यांत देखणं. मूठ तेरा गोळ्या पोटात घेऊनही बारीक राहते, हे कसं जमवलं ते मला कळत नाही. फक्त मॅगझिन काढल्यावर गोळी सुटू नये म्हणून जी सोय आहे, तिने चाप थोडा खरखरीत होतो. श्टुकींना हे सांगितलं तर ते दोन दिवस बोलत नाहीत.

आता खरं उत्तर. स्विसच्या पाच गोळ्या मी पाच फ्रँकच्या एका नाण्याखाली झाकल्या. तुमच्या ७५ च्या पाच, कॉफीच्या कपाच्या तळाएवढ्या. मी पुन्हा पुन्हा केलं. स्विसच पहिलं येतं, काका. मला वाईट वाटतं, पण तसंच आहे.

पण उभं राहून, भराभर झाडायला लागले की उलटं होतं. स्विसचा घोडा मागे येताना अंगठ्याजवळची कातडी चावतो. माझ्या हातावर त्याची जुनी खूण आहे. त्याचं मॅगझिन काढायला मुठीच्या तळाशी दुसरा हात न्यावा लागतो. तुमचं ७५ हातात घेतलं की कुठे धरायचं हे विचारावंच लागत नाही, ते आधीच धरलेलं असतं. गोळी सुटते आणि नळी आपणहून जागेवर येते. स्विस मला शहाणं करतं. तुमचं मला घाबरू देत नाही. क्लबातून निघताना पेटीत शेवटी ठेवलं जातं ते तुमचं.

बाबांना दोन्ही पिस्तुलांचे नेमाचे कागद दाखवले. ते म्हणाले, "चाप लांब आहे." मी म्हटलं, आजोबांच्या नियमाने आधी चांगलं सांगा. ते उठून कुत्र्याला फिरवायला गेले. कुत्रा नुकताच फिरून आला होता.

तुम्हाला लागलं असेल तर क्षमा करा.

यार्मिला

•

उहेर्स्की ब्रोद, ९ जून १९९१

प्रिय यार्मिला,

लागायचं काय त्यात? नाण्याएवढं म्हणजे ते जनावर आहे, पिस्तूल नाही. मी तुझं पत्र आपोलेनाला वाचून दाखवलं. ती माझ्या शेजारच्या टेबलावर फिटर होती, आता शेजारच्या गल्लीत राहते. "तुमचं मला घाबरू देत नाही" हे तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बोहुमीर, इतकी वर्षं आपण काय करत होतो ते आज कळलं." आणि घरी जाऊन माझ्यासाठी खसखशीचा केक घेऊन आली, तो तिने एकटीनेच संपवला.

वोयता आहे तसाच आहे. कुत्रा चालून चालून मरेल बिचारा.

तो का येत नाही हे तुला कोणी सांगितलं नसेल. अडुसष्ट साली रशियन रणगाडे आले आणि तो तुम्हाला घेऊन सीमेपार गेला, त्यानंतर त्याने मला पत्रं लिहिली. मी ती न उघडता परत पाठवली. भाऊ पळून गेला म्हणून मला फोरमनच्या खोलीतून काढून टेबलावर बसवलं होतं, आणि पोरांना शाळेत पुढे जायचं होतं; पळालेल्याचं पत्र घरात सापडलं असतं तर तेही बंद झालं असतं. त्याला हे सगळं कळायला मार्ग नव्हता. त्याला फक्त परत आलेला लिफाफा कळला. टेबलावर बसवलं ते माझं भलंच झालं, नाहीतर ७५ माझ्या हाताखालून गेलं नसतं. पण हे त्याला समोर बसून सांगायचंय.

सप्टेंबरात आलुबुखार उतरवायचे असतात. त्याला सांग, शिडी धरायला माणूस नाही. तेवढंच सांग.

काका

•

थून, २० ऑक्टोबर १९९१

आदरणीय बोहुमीरकाका,

सप्टेंबर गेला आणि आम्ही आलो नाही. मी त्यांना शिडीचं सांगितलं होतं. त्यावर ते काय म्हणाले ते तुम्हाला कळवण्यासारखं नव्हतं म्हणून मी लिहिलंच नाही. न लिहिणं हेही खोटंच, असं मला आता वाटतं. तेव्हा सांगते. तुमची पत्रं मी त्यांच्यापुढे ठेवली होती. त्यांनी नुसतं पाकीट हातात घेऊन पाहिलं, आतलं वाचलं नाही, आणि म्हणाले, "हे त्याचं अक्षर नाही. मास्तरांनी छड्या मारल्या तरी त्याने डावा हात सोडला नाही, आणि त्याचं अक्षर माझ्याहून सुरेख होतं. हा दुसऱ्याकडून लिहून घेतो. भावाला दोन ओळी लिहायचे कष्टसुद्धा नकोत." अक्षर खरंच वेडंवाकडं आहे, हे मला कबूल करावं लागलं. माफ करा.

दुसरी गोष्ट आणखी अवघड आहे. न्यूशातेलला दर वर्षी जुन्या शस्त्रांचा बाजार भरतो. बाबा नेमाने जातात. या वर्षी मीही गेले. ते कुठल्याच स्विस पिस्तुलापाशी थांबले नाहीत. जिथे ७५ दिसेल तिथे थांबायचं, दुकानदाराला विचारून स्लाइड काढायची, सांगाड्याच्या आतल्या कडेवर अंगठा फिरवायचा, खिशातलं भिंग काढून बघायचं आणि "नाही" म्हणून परत ठेवायचं. दुकानदार त्यांना ओळखतात. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आला बघ अंगठेवाला. या वर्षी तरी घेतो का विचार." दुसरा म्हणाला, "घ्यायला नाही, नाक मुरडायला येतो तो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमच्या गावच्या कामात खोट काढण्यासाठी माणूस दर वर्षी इतक्या लांब जातो, आणि तो माझा बाप.

मग संध्याकाळी एका कोपऱ्यातल्या दुकानात त्यांनी तसंच एक उघडलं. अंगठा फिरवला. भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं. भाव न करता ते घेतलं. आता ते त्यांच्या खणात आहे, स्विसच्या शेजारी, फ्लॅनेलच्या मऊ कापडात गुंडाळून. क्लबात सगळ्यांपुढे त्यातली खोट दाखवणार असतील, अशी मला भीती आहे.

ते नसताना मी भिंगाने बघितलं. आतल्या कडेची धार घासदगडाने मोडली आहे, फार हलक्या हाताने. रेघा केसासारख्या बारीक आहेत आणि सगळ्या डावीकडे कलतात. मला त्यात काहीच वाईट दिसलं नाही. उलट इतकी सुंदर कड मी पाहिलेली नाही. यात चूक काय आहे, काका?

यार्मिला

•

उहेर्स्की ब्रोद, ३ नोव्हेंबर १९९१

प्रिय यार्मिला,

तुझं पत्र वाचून मी चपला न घालताच आपोलेनाकडे गेलो. आपोलेनाला वाटलं मला काही झालं.

पोरी, तो खोट काढत नव्हता. तो मला शोधत होता.

तुझ्या आजोबांनी आम्हा दोघांना एकच शिकवलं: कानस मारून झाली की आतल्या कडेवर दगडाचे शेवटचे हात हलके, स्वतःकडे ओढून द्यायचे. कोणाला दिसत नाही, म्हणून नीट द्यायचे. वोयता उजवा, मी डावखुरा, त्यामुळे त्याच्या रेघा उजवीकडे कलायच्या आणि माझ्या डावीकडे. वडील भिंग लावून सांगायचे, हे कोणाचं काम. तो त्या बाजारात डावीकडे कललेल्या रेघा शोधतोय. आणि त्याला त्या मिळाल्या.

त्या माझ्या नाहीत.

एकाहत्तर साली मी आलुबुखाराच्या झाडावरून पडलो आणि डावं मनगट मोडलं. ते पुन्हा वळलं नाही. कानस, दगड, लेखणी, सगळं उजव्या हाताने नव्याने शिकलो. वोयता तेव्हा इथे नव्हता. हे अक्षर माझंच आहे, यार्मिला. याहून बरं येत नाही. आणि ७५ सुरू झालं तेव्हा मी उजव्या हाताचा होतो. आमच्या टेबलांवर डावखुरं माणूस एकच होतं: आपोलेना. दगडाचे शेवटचे हात तिला मीच शिकवले.

म्हणजे माझी पिस्तुलं वोयताने कदाचित दर वर्षी हातात धरली असतील आणि "नाही" म्हणून परत ठेवली असतील. तुझ्या पिस्तुलाचंही सांगता येणार नाही, उजव्या हाताचे आम्ही पाच जण होतो.

आपोलेना म्हणते, काही सांगू नको. "बापडा इतकी वर्षं शोधत होता, मिळालं म्हणून सुखात आहे. माझं काम तुझं म्हणून फ्लॅनेलमध्ये झोपलं तर माझं काय जातं?" मला ते पटतं आणि पटत नाही. वडील असते तर म्हणाले असते, दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव चढू देऊ नये. पण वडिलांनी वोयताचा आत्ताचा चेहरा पाहिलेला नाही. मीही नाही. तू पाहतेस.

सोबत त्याच्यासाठी पत्र आहे. सगळं लिहिलंय. द्यायचं की फाडायचं, ते तू ठरव. तू जे करशील ते मला मान्य आहे, आणि मी पुन्हा विचारणार नाही.

काका

•

थून, १ डिसेंबर १९९१

आदरणीय बोहुमीरकाका,

तुम्ही मला फार अवघड काम दिलंत. पत्र माझ्या पिशवीत होतं आणि माझी कामावर वजनं चुकत होती. रोज जेवण झाल्यावर बाबा तळघरात जायचे, खण उघडल्याचा आवाज यायचा, आणि वर येताना ते गुणगुणत असायचे. आई म्हणाली, "आमच्या लग्नानंतर हा माणूस प्रथमच गातोय." ते गाणं मी बंद करायचं होतं.

एकदा वाटलं, फाडून टाकावं. पण मग दर वर्षी मला त्यांच्यासमोर गप्प बसावं लागलं असतं, आणि ते त्या रेघांवर अंगठा फिरवत तुमच्याशी बोलत राहिले असते. तुम्ही तिथे नसताना. तुम्ही तर आहात, ब्रोदमध्ये, कोंबड्यांना दाणे घालत. तुमच्याऐवजी लोखंड मिळाल्यावर त्यांनी तुम्हाला शोधायचं थांबवलं होतं. हे मला बरोबर वाटेना.

रविवारी मी खाली गेले आणि पत्र टेबलावर ठेवलं. म्हटलं, "हे काकांचं आहे. त्यांनी स्वतः लिहिलंय. वाचून माझ्यावर रागवा, त्यांच्यावर नको." त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचलं. मग फ्लॅनेल सोडलं, स्लाइड काढली, दिवा जवळ ओढला. मी दाराशी उभी होते.

"कोण ही आपोलेना?"

"काकांच्या शेजारच्या टेबलावर होती. त्यांनीच शिकवलं तिला."

"शिकवलं." ते भिंगातून बघत राहिले. "त्याला कधी इतकं हलकं जमलं नाही. मला वाटलं, वयाने हात सुधारला असेल."

मग त्यांनी माझं पिस्तूल मागितलं. त्याचीही कड पाहिली, फार वेळ. मी विचारलं, "त्यांचं आहे?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "उजव्या हाताचा बोहुमीर मला माहीत नाही." आणि चष्मा काढून तो पुसत बसले. काच स्वच्छ होती.

त्या दिवसापासून गाणं बंद आहे. मी चुकले की काय, हे मला अजून कळत नाही. माझं पिस्तूल मात्र त्यांच्या टेबलावर आहे. त्यांनी ते परत दिलेलं नाही. काल त्यांनी हे बंद पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू लिहिशील तेव्हा सोबत टाक." आत काय आहे ते मला ठाऊक नाही. भीती वाटते, पण टाकते.

यार्मिला

•

बोहुमीर,

पत्र पोचलं. अक्षर भयंकर आहे. मनगट मोडल्याचं वीस वर्षांत मला कोणी कळवलं नाही, आणि कळवलं असतं तरी पत्र आलं नसतं, हे मला आता समजतं.

त्या बाईला सांग, तिची कड तुझ्याहून चांगली आहे. ते पिस्तूल मी ठेवणार आहे, तिच्या नावाने. चाप लांब आहे हे माझं मत कायम आहे.

आता पुन्हा पहिल्यापासून बाजारात उभं राहायचं, आणि या खेपेला उजव्या हाताच्या पाच माणसांतून तुला निवडायचं, हे या वयात माझ्याच्याने होणार नाही. त्यापेक्षा रेल्वेने येणं जवळ पडेल. यार्मिलाला सुट्टी मिळाली की निघतो. तिला अजून सांगितलेलं नाही, ती काळजी करत बसेल.

स्टेशनवर ये. मनगटाचं कळवलंस ते बरं केलंस. मी तिथे डाव्या हाताने टोपी काढणाऱ्या माणसाला शोधत उभा राहिलो असतो, आणि तू माझ्या शेजारून निघून गेला असतास.

वोयता